भाताचं टोक

"टोक! टोक कुठं गेलं? माझ्या भाताचं टोक कोणी कापलं?"

लेस्तारी जर्मनमधून ओरडत होती, आणि अशी ओरडत होती की पलीकडे ऱ्हाईनमधून निघालेल्या मालबोटी जागच्या जागी थांबल्या, कारखान्याचा दुपारचा भोंगा वाजायची वेळ होऊनही लाजून गप्प बसला, आणि खालच्या मजल्यावरच्या म्हातारीचा कुत्रा त्या दिवसापासून कायमचा मुका झाला. बरं, कुत्रा दुसऱ्या दिवशी भुंकला. पण ती ओरडली हे शंभर टक्के खरं, आणि ज्यांनी लेस्तारीला वॉर्डात काम करताना पाहिलं होतं त्यांना ते मी शपथेवर सांगितलं तरी पटलं नसतं. ती इस्पितळात नर्स होती. मूळची इंडोनेशियातली, जावा बेटावरची. पेशंटला सुई टोचतानासुद्धा ती आधी सुईची माफी मागते की काय असं वाटावं, इतकी हळू बोलायची. तीच बाई आता आमच्या जेवणाच्या टेबलापाशी दोन्ही हात डोक्याला लावून उभी होती. समोर आमच्या मोठ्या पितळी परातीत पिवळ्या भाताचा सुळका, माझ्या कोपराएवढा उंच, भोवती बटाट्याच्या टिकिया, खोबरं घातलेल्या शेंगा, तळलेले शेंगदाणे, काकडीची फुलं; आणि सुळक्याचा माथा साफ उडालेला.

"मी घेतलं," स्वयंपाकघराच्या दारातून माझी आत्या म्हणाली. तिच्या हातात अजून सुरी होती. "ओरडते काय ही? नैवेद्य नको दाखवायला? शके, काय म्हणतेय ती?"

"टोक कुठंय विचारतेय."

"देवापुढं. आणखी कुठं असणार?"

बाबा कागदी रुमाल हातात धरून दोघींच्या मधे उभे होते. ते त्या कारखान्यात मोठे केमिस्ट होते. कुठल्या दोन गोष्टी एकत्र आल्या की स्फोट होतो हे त्यांना पाठ होतं, पण थांबवायचा कसा हे बहुधा शिकवलं नसावं. आणि टेबलाशी आमचे एकुलते एक पाहुणे, कारखान्याच्या वर्कशॉपमधले हेर बेकर (हेर म्हणजे जर्मनमधले श्रीयुत), स्वतःच्या घरून आणलेल्या बटाट्याच्या सॅलडचं भांडं मांडीवर धरून बसले होते. ते त्या थोट्या सुळक्याकडे निरखून बघत म्हणाले, "आख सो, ज्वालामुखी आहे होय! आता दिसतोय बरोबर."

मी तिथंच होते. समारंभ माझाच होता, शाळेची शेवटची परीक्षा, आबितुर, मी पास झाले होते. आणि मला काही वाटलं नाही.

हे नीट सांगायला हवं. मी जगातल्या कुठल्याही विषयावर थाप मारू शकते. माझा नातू जोनास मला तोंडावर 'ओमा, दास श्टिम्ट डोख निष्ट' म्हणतो, म्हणजे आजी, हे खरं नाहीये. आणि ते बहुतेक वेळा खरं नसतंच. पण या एका बाबतीत मी वाढवत नाही आणि कमीही करत नाही. आधीच्या हिवाळ्यात आई गेली होती. विमान खाली उतरताना कानांना दडा बसतो ना, तसा माझ्या सगळ्यालाच बसला होता. हाताला, जिभेला, पायांच्या तळव्यांना. आवाज यायचे, पण भिंतीपलीकडून. लोक येऊन हात हातात घ्यायचे आणि मी त्यांच्या मनगटावरचं घड्याळ बघायचे. रडूबिडू काही नाही. अभ्यास मात्र दणकून केला, कारण पुस्तकाला तुमचं काय चाललंय हे विचारायची सवय नसते. बाबांचं तेच. लुडविग्सहाफेनमध्ये तेव्हा कारखान्याचा वास असा असायचा की पक्षीसुद्धा नाक धरून उडत; आणि वारा फिरला की आई घरभर खिडक्या लावत धावायची. ती गेल्यावर आम्ही खिडक्या लावणंही सोडून दिलं. वास यायचा आणि जायचा. संध्याकाळी दोघं समोरासमोर बसून थंड पाव, चीज आणि काकडी खायचो. एकदा बाबांनी चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि आम्ही दोघांनी कप पूर्ण रिकामे केले. मी कप विसळताना तळाशी राहिलेले खडे बघितले तेव्हा कळलं. बाबांना सांगितलं नाही. कशाला सांगायचं?

टेबलाला चार खुर्च्या होत्या. हाइत्सुंगला, म्हणजे खोली गरम करणाऱ्या त्या लोखंडी जाळीला, पाठ लावून होती ती आईची. तिला जन्मभर थंडी वाजली. त्या खुर्चीत ती गेल्यापासून कोणी बसलं नव्हतं. बसू नका असं कोणी म्हटलं नव्हतं. कपडे वाळत घालायला जागा नसली तर आम्ही बाकीच्या तिन्ही खुर्च्यांवर घालायचो.

लेस्तारी घरात आली ती डबा घेऊन. आईला शेवटी शेवटी इस्पितळातलं काही जायचं नाही, म्हणून उशाशी मेतकुटाचा एक छोटा स्टीलचा डबा असायचा. तो तिथंच राहिला होता. काही आठवड्यांनी दारावरची बेल वाजली, आणि दारात वॉर्डातली ती बारकी नर्स, हातात तोच डबा. रिकामा डबा परत द्यायचा नाही हे तिला आम्ही कोणी शिकवलं नव्हतं. त्यांच्याकडेही तसंच असावं. आत भाजलेल्या खोबऱ्याचं काहीतरी होतं, आपल्या चटणीची चुलतबहीण. बाबांनी तिला चहा विचारला. ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसली. पुढं रविवारी रविवारी येऊ लागली, आणि कायम त्या स्टुलावरच. टेबलाशी या म्हटलं तर म्हणायची, इथं बरंय. बाबा तिला 'श्वेस्टर लेस्तारी' म्हणायचे, ती त्यांना 'हेर डॉक्टर'. ती काही तरी शिजवायची आणि ते तिथं उभं राहून नळाचा वायसर, ओव्हनचं दार, जे सापडेल ते दुरुस्त करत बसायचे. घरात दुरुस्त करायला काही उरलं नाही तेव्हा त्यांनी चालू घड्याळ उघडलं. तिथं मला समजलं.

मग एकदा ट्रामच्या थांब्यावर, माझ्याकडे न बघता, ट्राम ज्या दिशेने येते तिकडे बघत, बाबा म्हणाले, "शकू, मी लेस्तारीला विचारायचं म्हणतोय. लग्नाचं. तुझी हरकत आहे?"

"नाही."

"म्हणजे तुला बरं वाटेल?"

"ट्राम आली, बाबा."

"पण आक्काला विचारल्याशिवाय मी काही करणार नाही," ते चढता चढता म्हणाले. आक्का म्हणजे माझी आत्या. आईवडील लवकर गेल्यावर तिनं बाबांना वाढवलं, शिकवलं, जर्मनीला धाडलं. सांगलीत बसून ती जे म्हणेल ते लुडविग्सहाफेनमध्ये व्हायचं. तिनं नाही म्हटलं असतं तर बाबांनी लेस्तारीला पुन्हा कधी रविवारी बोलावलं नसतं, आणि आम्ही दोघं आजही तिथं काकडी खात बसलेलो असतो.

माझ्या परीक्षेच्या निमित्तानं आत्या आली. निमित्त माझं, येणं लेस्तारीला बघायला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. फ्रँकफुर्टच्या विमानतळावर कस्टमच्या लोकांनी तिची बॅग उघडायला लावली. आतून जी हळद, गोडा मसाला, सांडगे आणि कुरडया निघाल्या, त्यांच्या वासानं दोन अधिकारी जागच्या जागी सेवानिवृत्त झाले आणि तिसरा आजही म्हणे सांगलीत हॉटेल चालवतो. आत्या बाहेर आली ती त्यांनाच दोन कुरडया देऊन. गाडीत बसल्यावर पहिला प्रश्न, "ती कुठंय?"

"श्वेस्टर लेस्तारीला आज ड्यूटी आहे, आक्का."

"श्वेस्टर म्हणजे काय रे, मधू?"

"म्हणजे... सिस्टर. इथं नर्सला तसंच म्हणतात."

"बहीण म्हणतोस आणि लग्न करतोस?" म्हणून आत्यानं खिडकीबाहेर तोंड फिरवलं. बाबांनी नंतरच्या सगळ्या लाल दिव्यांना गाडी थांबवली आणि काही हिरव्यांनाही.

रविवारी लेस्तारी आली. आत्याच्या पाया पडली. कसं पडायचं ते मी सांगितलं नव्हतं. बाबांनी घरी तालीम घेतली असणार, कारण ती जरा डावीकडे झुकून पडली, आणि बाबांची कंबर डावीकडून धरलेली होती. आत्यानं "हं" म्हटलं. मग लेस्तारी स्टुलावर बसली आणि हळूच म्हणाली, शकूच्या आबितुरसाठी तिला तुम्पेंग करायचा आहे. त्यांच्याकडे मूल झालं, पीक आलं, घर बांधलं, परीक्षा पास झाली की तो करतात. नारळाच्या दुधात, हळद आणि गवती चहा घालून शिजवलेला पिवळा भात, शंकूच्या साच्यात दाबून पालथा घालायचा, डोंगर. आणि जिचा समारंभ असेल तिनं डोंगराचं टोक कापून, आपल्याला ज्या माणसाचा सगळ्यात जास्त मान वाटतो त्याच्या ताटात स्वतःच्या हातानं वाढायचं. तोवर कोणी शितालाही हात लावायचा नाही. "माझ्या आईनं सगळ्या गावासाठी केले," ती म्हणाली. "मी एकटीनं कधीच नाही."

आत्याला मी सगळं मराठीत करून सांगितलं. दुभाष्याचं काम माझ्याकडे होतं, आणि दोन्हीकडची कडू वाक्यं मी रस्त्यातच खाऊन टाकत होते.

त्याच संध्याकाळी बाबांनी मला बाल्कनीत बोलावलं. "शकू, ते टोक आक्काला दे हं. लेस्तारीनं केलेलं, तू दिलेलं. आक्काला मान दिला की ती... तेवढं कर माझ्यासाठी." मी बरं म्हटलं. टोक कुणालाही दिलं असतं मी. पोस्टमनला दिलं असतं.

आता साचा कुठून आणायचा? त्यांच्याकडे वेताची, विणलेली, टोकदार टोपली असते म्हणे. आज आमच्या गावातल्या एशिया-शॉपमध्ये त्या टोपल्या टांगलेल्या असतात, फ्रीजरमध्ये केळीची पानंसुद्धा. परवाच्या गणपतीत मी हा भात केला तेव्हा पुण्याहून आलेल्या आयटीतल्या मुली "काकू, केवढा मोठा मोदक!" म्हणत त्याच्याबरोबर फोटो काढत होत्या. तेव्हा मात्र नारळाचं दूध म्हणजे हॉलंडच्या दुकानातून कोणीतरी आणलेली साबणासारखी पांढरी वडी, आणि शंकू म्हणजे... बाबांना शंकू सुचला. ते तळघरात गेले आणि माझी शुलट्यूटं घेऊन वर आले. इथं मूल पहिल्यांदा शाळेत जातं तेव्हा त्याच्या हातात खाऊनं भरलेला पुठ्ठ्याचा मोठा शंकू देतात, तो. माझा आईनं घरी केला होता. वरच्या तोंडाला तिच्या हिरव्या इरकलीचे काठ शिवलेले, कडेला टिकल्या. बाबांनी तो स्वयंपाकघराच्या ओट्यावर उभा केला आणि पट्टीनं मापायला लागले. खरंच मापत होते. "आत फॉइल लावलं की झालं," ते म्हणाले.

लेस्तारीनं तो उचलला. काठावरून बोट फिरवलं. आत वाकून बघितलं. तळाशी चॉकलेटचा एक चिकटलेला कागद होता. तिनं तो तसाच राहू दिला आणि शंकू माझ्या हातात दिला. "हा ओला होईल," ती म्हणाली.

मी तो परत खाली ठेवून आले.

मग बाबांनी हेर बेकरना सांगितलं, आणि जर्मन माणसाला भाताचा साचा करायला सांगितल्यावर जे होतं ते झालं. हेर बेकरनी नकाशा काढला. कोन किती अंशांचा हे विचारायला बाबांमार्फत जावापर्यंत चौकशी केली. गंज न चढणाऱ्या पत्र्याचा असा शंकू वळला की त्याला सांधा कुठं आहे ते आजतागायत कुणाला सापडलेलं नाही. अंतराळात पाठवला असता तर चंद्रावर भात पोचला असता. तो माझ्याकडे आहे. एरवी त्यात मी छत्र्या ठेवते.

आदल्या दिवशी लेस्तारीनं हळदीची पुडी उघडली तर ती इथल्या दुकानातली, फिकट, खडूसारखी. आत्या दारात उभी राहून बघत होती. आत गेली आणि स्वतःच्या बॅगेतली पिशवी आणून ओट्यावर ठेवली. "हळद कशी असते ते बघ म्हणावं." मी म्हटलं, "आत्या म्हणते, ही घ्या." लेस्तारीनं पिशवीत नाक घातलं आणि डोळे मिटले. आत्यानं तेही बघितलं. मग म्हणाली, "आणि सांग तिला, या घरात देवाला दाखवल्याशिवाय चाखत नाहीत. एकही पदार्थ. उष्टा नैवेद्य चालत नाही." हे मात्र मी जसंच्या तसं सांगितलं. लेस्तारीनं मान हलवली. पण तिचं माप म्हणजे जीभ, हे रविवारचे रविवार मी बघितलं होतं. पळीतले दोन थेंब तळहातावर, तिथून ओठाला, मग मीठ. पुन्हा थेंब, पुन्हा मीठ. भांडं नाही, चमचा नाही.

"चाखणार ती," झोपायला जाताना आत्या मला म्हणाली. "शिजवणाऱ्या बाईचा हात आपोआप तोंडाकडे जातो. एवढा भात, ती पहिल्यांदा करणार. मीठ बरोबर पडलं की समजायचं, चाखला. मला विचारावंही लागायचं नाही. आणि हो म्हणून न पाळणारी बाई घरात आणून मधू काय करणार?"

म्हणजे असं झालं होतं, की बाबांचं लग्न एका बाजूनं माझ्या हातातल्या टोकावर आणि दुसऱ्या बाजूनं मिठावर अडलं होतं. आणि हे दोन्ही माहीत असलेली मी एकटी. आज विचार करते, मी लेस्तारीला सांगायला हवं होतं का? सांगितलं नाही एवढं खरं. सांगायचं ठरवलं नव्हतं आणि न सांगायचंही ठरवलं नव्हतं. दिवा मालवला आणि झोपले.

सकाळी घरात वेगळाच वास होता. गवती चहा, नारळ, आणि खाली कुठंतरी मंद, ओल्या गवतासारखा पांदानच्या पानांचा. तांदूळ आधी वाफवायचा, मग हळदीच्या दुधात घालून ते सगळं पिऊ द्यायचं, मग पुन्हा वाफवायचा. झाकण थडथडत होतं. लेस्तारी गुणगुणत नव्हती, बोलत नव्हती, आणि मी शेजारच्या खोलीत बसून शेंगांची देठं काढत होते. आत्या आंघोळीला गेली. म्हणजे भात दूध पीत होता तेव्हा लेस्तारीपाशी कोणीही नव्हतं. एक आंधळं मांजरसुद्धा नव्हतं. मी वास घेत होते आणि वास येतोय एवढंच मला कळत होतं.

आत्यासाठी सगळं शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. हेर बेकर आले, बूट काढले, मोज्याला भोक होतं म्हणून एक पाय दुसऱ्यावर ठेवून बसले. लेस्तारीनं शंकूत बेकिंगचा कागद लावला, भात ठासला, परातीत पालथा घातला आणि पत्रा वर उचलला. डोंगर उभा राहिला. त्याला धाप लागल्यासारखी वाफ येत होती. ती दोन पावलं मागं सरली आणि तिनं स्वतःच्या ओढणीनं कपाळ पुसलं. देवासाठी तिनं आधीच एका वाटीत भात काढून झाकून ठेवला होता, हे मी बघितलं. मग ती कपडे बदलायला बाथरूममध्ये गेली.

आत्यानं वाटीवरचं झाकण काढलं, बघितलं, परत ठेवलं. "देवाला वाटीतला काय? अग्रभाग द्यायचा असतो." आणि सुरी घेतली. मी समोर होते. टोक कोणी कापायचं, का, हे सगळं तिला मीच सांगितलं होतं. पण तिच्या डोक्यात देवाच्या आधी मान घेणारं माणूस बसतच नव्हतं. तिनं ते अलगद ताटलीत घेतलं, वर तुळशीऐवजी सुपरमार्केटच्या कुंडीतलं बाझिलिकमचं, म्हणजे इथल्या तुळशीचं, पान ठेवलं, आणि फळीवर देवापुढं नेऊन पाणी फिरवलं. फळी लहान होती. देवांच्या शेजारी आईचा फोटो होता. ताटली दोघांपुढंही आली.

तर तिथं लेस्तारी ओरडली. आणि ओरडून झाल्यावर, आत्यानं बोटानं दाखवलं तशी, फळीकडे गेली. ताटली बघितली. फोटो बघितला. या बाईला तिनं आंघोळ घातली होती, तिचे केस विंचरले होते. ती परत येऊन टेबलाजवळ उभी राहिली, हात बांधून, वॉर्डात मोठे डॉक्टर आले की उभी राहायची तशी.

"आक्का, ते टोक तुझ्यासाठीच होतं गं," बाबा म्हणाले. आवाज असा, की मी पुढं त्यांच्याकडून तो पुन्हा कधी ऐकला नाही. "तुलाच द्यायचं होतं."

आत्यानं त्यांच्याकडे बघितलं. फळीवरची ताटली उचलून आणली. "देवाचं झालं. आता हा प्रसाद," ती म्हणाली आणि ताटली माझ्या हातात दिली. "घे. तुझा समारंभ ना? दे कुणाला द्यायचं ते."

हा प्रसंग मी आयुष्यात निदान चाळीस तऱ्हांनी सांगितलाय. एकात बाहेर वीज कडाडते. एकात आईच्या फोटोवरचा हार खाली पडतो. एकात मी जर्मन, मराठी आणि जावाच्या भाषेत भाषण करते आणि हेर बेकर सॅलडमध्ये अश्रू ढाळतात. काय झालं ते सांगते. ताटली गरम होती. भाताचं टोक गार व्हायला वेळ लागतो, आणि पितळेची ताटली चटका देते. आत्या टेबलाच्या त्या टोकाला होती, आणि हाइत्सुंगजवळची खुर्ची माझ्या अगदी शेजारी. मी ताटली तिथं टेकवली. आईच्या जागेवर.  बाबांनी श्वास आत घेतला तो सोडलाच नाही. आता कुणालातरी खायला हवं, ताट वाढलेलं नुसतं ठेवत नाहीत, एवढंच माझ्या डोक्यात होतं. खुर्चीपाशी उभी होती ती लेस्तारी. मी खुर्ची मागं ओढली आणि तिला म्हटलं, "बस गं. गार होतंय." मराठीत. तिच्याशी मी कधी मराठी बोललेच नव्हते.

ती बसली.

तिनं टोकाचा पहिला घास हातानं घेतला, आणि तो तोंडात गेल्यावर क्षणभर थांबली. आत्याकडे बघितलं. मग खाली मान घालून खात राहिली. आम्ही बाकीचे पण बसलो, मी तिच्या स्टुलावर. हेर बेकरनी मिठाची बरणी मागून ताटभर शिंपडलं. ते केकवरही मीठ घालतील असे होते, त्यामुळे कोणी लक्ष दिलं नाही. बाबांनी दोनदा भात घेतला. मी तीनदा. गरम होता, पिवळा होता. आत्या सावकाश, पहिल्यापासून शेवटपर्यंत एक शब्द न बोलता जेवली, आणि ताट बोटांनी निपटून स्वच्छ केलं. डोंगर संपला. तुम्हाला वाटेल तेव्हा तरी मला रडू फुटलं असेल. नाही फुटलं. मी भांडी घासली, लेस्तारीनं पुसली, आणि शंकू आतून पुसायला कुणाचाच हात जाईना म्हणून आम्ही तो तसाच पालथा ठेवला.

नंतरचे दिवस आत्यानं पापड लाटले, ऱ्हाईनला "बरी आहे नदी" म्हटलं, खिडक्या वाऱ्याप्रमाणे लावायला आणि उघडायला लागली. लग्नाबद्दल चकार शब्द नाही. बाबांनी विचारायचा धीर गोळा केला तो थेट विमानतळावर. माणसं आत जात होती, आत्याच्या एका हातात बोर्डिंग पास आणि दुसऱ्या हातात हॉलंडच्या नारळाच्या वडीची पुडी, लेस्तारीनं दिलेली. तिच्या येतानाच्या बॅगेतली हळद मात्र परत चालली नव्हती. ती आमच्या ओट्यावरच राहिली होती.

"आक्का," बाबा म्हणाले, "तू काहीच बोलली नाहीस. मी काय करू? लेस्तारीबद्दल तुला काय वाटतं, ते तरी सांग."

आत्यानं पुडी नीट पिशवीत बसवली. पदर खांद्यावरून पुढं घेतला.

"भात अळणी होता," ती म्हणाली.